पहिला ट्रस चढल्यापासून शेवटची केबल उतरेपर्यंत : रिअ‍ॅलिटी कार्यक्रमांतील तंत्रज्ञ-कामगारांचे निवेदन

प्रति,
१) मा. कामगार आयुक्त, महाराष्ट्र राज्य, मुंबई
२) मा. व्यवस्थापकीय संचालक, महाराष्ट्र चित्रपट, रंगभूमी आणि सांस्कृतिक विकास महामंडळ, दादासाहेब फाळके चित्रनगरी, गोरेगाव (पूर्व), मुंबई

विषय : मोठ्या रिअ‍ॅलिटी आणि स्पर्धात्मक कार्यक्रमांच्या सेटवर पडद्यामागे काम करणाऱ्यांची सुरक्षितता, कामाचे तास आणि लेखी करार यांबाबत.

महोदय,

आम्ही खाली सह्या करणारे लाइटमन, सेटिंग कामगार, कॅमेरामन आणि त्यांचे सहायक, ध्वनी विभागातले लोक, कंट्रोल रूममधले तंत्रज्ञ, तसेच चोवीस तासांचे चित्रीकरण बघून नोंदी करणारे लॉगर आहोत. गाण्याच्या, नाचाच्या, प्रश्नमंजुषेच्या आणि एका घरात माणसे कोंडून ठेवणाऱ्या कार्यक्रमांवर आमची पोटे चालतात. ‘कौन बनेगा करोडपती’ 2000 साली सुरू झाले, ‘बिग बॉस’ 2006 मध्ये हिंदीत आणि 2018 मध्ये मराठीत आले. या काळात अशा कार्यक्रमांचा पसारा कैक पटींनी वाढला. मंच मोठे झाले, एलईडी भिंती आल्या, छतावरचे वजन वाढले. त्या वजनाखाली आणि त्या वजनावर उभ्या राहणाऱ्या माणसांसाठीचे नियम मात्र त्या वेगाने वाढले नाहीत. या कामाचा आम्हाला अभिमान आहे, आणि ते आम्हाला म्हातारपणापर्यंत करता यावे म्हणून हे निवेदन देत आहोत.

सेटवर सर्वांत धोक्याचे दिवस कोणते, असे कुणी विचारले तर बाहेरचा माणूस चित्रीकरणाचे दिवस सांगेल. आमचे उत्तर वेगळे आहे. धोका असतो तो चित्रीकरणाच्या आधीच्या आणि नंतरच्या दिवसांत. चित्रीकरणाच्या वेळी निर्माता, वाहिनीचे अधिकारी, कलाकार, डॉक्टर, अग्निशमनाची माणसे असे सगळे हजर असतात. उभारणीच्या रात्री यांतले फारसे कुणी नसते. अ‍ॅल्युमिनियमचे ट्रस जमिनीवर जोडायचे, साखळीच्या मोटरने वर खेचायचे, त्यांवर हलते दिवे, स्पीकर आणि एलईडीचे पॅनेल टांगायचे. एकेका हलत्या दिव्याचे वजन वीस-पंचवीस किलो सहज भरते आणि मोठ्या मंचावर असे दिवे शेकड्यांनी लागतात. कोणत्या टोकावर किती भार येणार याचे गणित कागदावर मांडलेले असले पाहिजे. पुष्कळदा ते एखाद्या अनुभवी माणसाच्या डोक्यात असते आणि तो त्या रात्री दुसऱ्या सेटवर असतो. वेळ कमी पडला की वर माणूस दिवा बांधत असतानाच खाली नृत्याची तालीम सुरू होते. वरून पाना निसटला तर तो कुणाच्या डोक्यात पडेल याचा विचार करायलाही उसंत नसते.

मोडणीचे हाल याहून वाईट. अंतिम सोहळा संपतो, फुगे आणि कागदी फुलांचा सडा तसाच असतो, आणि दुसऱ्या निर्मात्याला सकाळी जागा रिकामी हवी म्हणून सोळा-सतरा तास उभी असलेली माणसेच पुन्हा वर चढतात. थकलेला हात गाठ नीट सोडत नाही, हे आमच्यातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे.

हे भय काल्पनिक नाही. 19 फेब्रुवारी 2020 च्या रात्री चेन्नईजवळच्या ईव्हीपी फिल्म सिटीत ‘इंडियन 2’ या चित्रपटाच्या सेटवर दिव्यांसाठी आणलेली क्रेन कोसळली आणि पथकातले तिघे जण जागीच गेले. त्या वेळी कॅमेरा चालू नव्हता, तयारी सुरू होती. आगीचा इतिहास तर त्याहून जुना आहे. 8 फेब्रुवारी 1989 रोजी म्हैसूरच्या प्रीमियर स्टुडिओत ‘द सोर्ड ऑफ टिपू सुलतान’ या दूरदर्शन मालिकेच्या सेटला आग लागली आणि 62 माणसे मरण पावली. आपल्या मुंबईत 16 सप्टेंबर 2017 रोजी चेंबूरच्या आर. के. स्टुडिओत एका नृत्यस्पर्धेच्या कार्यक्रमाचा सेट पेटला आणि त्या आगीत राज कपूर यांच्या चित्रपटांचे कपडे व आठवणींच्या वस्तूही गेल्या. त्या दिवशी चित्रीकरण नव्हते म्हणूनच माणसे वाचली. जून 2025 मध्ये चित्रनगरीतच एका लोकप्रिय मालिकेचा सेट खाक झाला. प्लायवूड, थर्माकोल, कापड, रंग, थिनर आणि त्यांतून गेलेल्या शेकडो मीटर केबली ही सेटची घडणच आगीला आमंत्रण देणारी आहे. दर वेळी चौकशी होते, दर वेळी सेट पुन्हा उभा राहतो. जिवावर बेतले नाही तर प्रकरण तिथेच संपते.

म्हणून आमची पहिली आणि सर्वांत आग्रहाची मागणी अशी : सेट हे कामाचे ठिकाण आहे आणि ते पहिला ट्रस चढतो त्या क्षणापासून शेवटची केबल ट्रकमध्ये जाईपर्यंत तसे मानले जावे. महामंडळ जागा भाड्याने देताना चित्रीकरणाच्या तारखांबरोबर उभारणी आणि मोडणीच्या तारखाही परवानगीत घ्याव्यात. टांगलेल्या भाराचा आराखडा पात्र अभियंत्याच्या सहीने सादर झाल्याशिवाय वीजजोडणी देऊ नये. वर माणूस असताना खाली तालीम नाही, ही अट लेखी असावी. वर चढणाऱ्या प्रत्येकाला कमरपट्टा आणि तो अडकवायला वेगळी दोरी मिळावी. आज पट्टे असतात, पण ते अडकवायला जागाच नसते, म्हणून ते कमरेला नुसते लोंबतात.

घराच्या धाटणीच्या कार्यक्रमांबद्दल वेगळे सांगणे भाग आहे, कारण तिथली जागा बाहेरच्यांनी पाहिलेलीच नसते. घराच्या भिंतीत आरसे असतात. त्या आरशांमागे अरुंद बोळ असतो, त्यात काळे पडदे, काळे कपडे आणि रुळांवर सरकणारा कॅमेरा. उजेड केला तर स्पर्धकाला पलीकडचे दिसेल, आवाज झाला तर माइकमध्ये जाईल, म्हणून कॅमेरामन अंधारात, न खोकता, तासन्‌तास उभा असतो. अशा बोळात आग लागली, धूर भरला, तर बाहेर पडायची वाट कोणती? आरशाच्या पलीकडे वावरणाऱ्या स्पर्धकांसाठी निर्गमनाचा विचार होतो, कारण ते पडद्यावर दिसतात. बोळातल्या माणसांसाठी जमिनीलगत चमकणाऱ्या पट्ट्या, दोन टोकांना बाहेर उघडणारे दरवाजे आणि दर पर्वाआधी एकदा प्रत्यक्ष सराव, एवढे तरी बंधनकारक करावे.

याच घरांमागच्या कंट्रोल रूममध्ये लॉगर बसतात. कोण कुणाशी काय बोलले, कुठल्या मिनिटाला रडले, याची वेळ टाकून नोंद तेच करतात, आणि रात्रीचा भाग त्या नोंदींवरूनच उभा राहतो. बारा तास हेडफोन कानात आणि डोळे पडद्यांवर. यांत तरुण मुली मोठ्या संख्येने आहेत. त्यांना दर दोन तासांनी विश्रांती आणि जवळपास स्वच्छ स्वच्छतागृह मिळावे, हे मागावे लागते याचे आम्हाला वाईट वाटते.

आता कायद्याबद्दल. 1981 चा सिने-कामगार कायदा कथा असलेल्या पूर्ण लांबीच्या चित्रपटांपुरता होता. रिअ‍ॅलिटी कार्यक्रमात कथा नाही, म्हणून आम्ही त्या कायद्याच्या उंबऱ्याबाहेरच राहिलो. 2020 ची व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कामाच्या परिस्थितीविषयीची संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून अमलात आली आणि तिने ही फट बुजवली. दृक्-श्राव्य निर्मितीच्या व्याख्येत रिअ‍ॅलिटी कार्यक्रमांचा स्पष्ट उल्लेख आहे. कलम 66 नुसार लेखी करार झाल्याशिवाय दृक्-श्राव्य कामगाराला कामावर घेता येत नाही, आणि तो करार नोंदवण्याची जबाबदारी निर्मात्यावर आहे. करारात कामाचे स्वरूप, मोबदला, तास, सुरक्षितता हे सगळे आले पाहिजे. आमच्यापैकी बहुतेकांच्या हातात आजही कागद नाही, एक फोन आणि कॉल टाइमचा संदेश एवढाच पुरावा असतो. त्यामुळे अपघात झाला की ‘हा आमचा माणूस नाही, ठेकेदाराचा आहे’ असे उत्तर मिळते. मा. कामगार आयुक्तांना विनंती आहे की नोंदणीची सोय मराठीतून आणि सेटवरच उपलब्ध करावी, आणि करार नोंदवल्याचा दाखला जोडल्याशिवाय महामंडळाने जागेचा ताबा देऊ नये.

तासांबाबत संहिता आठ तास आणि त्यापुढे दुप्पट दर सांगते. आमच्या व्यवसायात बारा तासांची शिफ्ट रूढ झाली आहे आणि तीही पाळली जात नाही. पैसे नव्वद दिवसांनी, कधी त्याहून उशिरा येतात, आणि तोवर भाडे, शाळेची फी, किराणा थांबत नाही. ज्यादा तासांची नोंद रोज, कामगाराच्या सहीने व्हावी. दोन कामांच्या मध्ये सलग अकरा तास सुटी मिळावी. मोबदला महिन्याच्या आत बँकेत जमा व्हावा.

शेवटी घरी जाण्याचा प्रश्न. रात्री दोन-अडीचला पॅक-अप होतो. लोकल बंद झालेली असते आणि पहिली गाडी निघायला वेळ असतो. चित्रनगरीतले रस्ते संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाला आणि आरेला लागून आहेत. जुलै 2023 मध्ये इथल्या एका मराठी मालिकेच्या सेटवर भरदिवसाच्या गर्दीत बिबट्या शिरला होता. जानेवारी 2021 मध्ये एका रिअ‍ॅलिटी कार्यक्रमाचे काम संपवून दुचाकीने घरी निघालेली चोवीस वर्षांची मुलगी याच परिसरातल्या अंधाऱ्या रस्त्यावर गाडी घसरून पडली आणि मागून आलेल्या व्हॅनखाली गेली. तिच्या मृत्यूनंतर हळहळ खूप झाली. रात्री दहानंतर सुटणाऱ्या प्रत्येकाला घरापर्यंत किंवा निदान पहिली गाडी येईपर्यंत निवाऱ्यासह स्टेशनपर्यंत वाहन देणे निर्मात्यावर बंधनकारक करावे. अंतर्गत रस्त्यांवरचे दिवे आणि खड्डे हा मात्र महामंडळाच्या अखत्यारीतला विषय आहे. तो पावसाळ्यापूर्वी मार्गी लावावा.

पुढच्या पर्वांच्या सेटसाठी जागावाटप होण्यापूर्वी दोन्ही कार्यालयांनी आम्हाला एकत्र भेटीची वेळ द्यावी. आमच्याकडून प्रत्येक विभागाचा एक प्रतिनिधी येईल. सोबत अलीकडच्या कामांच्या कॉल शीट आणि प्रत्यक्ष पॅक-अपच्या वेळा आणू, म्हणजे बोलणे अंदाजावर राहणार नाही. भेटीची तारीख लेखी कळवावी, ही विनंती.

आपले विश्वासू,
प्रकाश, सेटिंग, कॅमेरा, ध्वनी, कंट्रोल रूम आणि लॉगिंग विभागांतील कामगार
(सह्यांची यादी सोबत जोडली आहे)