सहल : त्यांची आणि आमची

तृतीय वर्षाला इतिहास हा विषय घेतलेल्या आणि जन्मापासून मुंबईत राहणाऱ्या मुलीने कान्हेरीची लेणी पाहिलेली नसावीत, ही काही अभिमानाने सांगण्याची गोष्ट नाही. पण वर्गात मी सहज हात वर करायला सांगितले, तेव्हा एकोणतीस जणांपैकी पाच हात वर झाले. त्यांतले दोघे नुसते राष्ट्रीय उद्यानात जाऊन आले होते, लेण्यांपर्यंत पोचलेच नव्हते. म्हणजे लाज वाटून घ्यायला सोबत भरपूर आहे.

मी कान्हेरी पाहिली ती गेल्या डिसेंबरात, एका नऊ वर्षांच्या मुलाच्या कृपेने. माझ्या मावसबहिणीचा हा मुलगा शाळेत जात नाही. नापास झाला, आजारी आहे, असे काही नाही. ताई आणि भावजी त्याला घरीच शिकवतात. होमस्कूलिंग म्हणतात ते हेच. मुंबई-ठाण्यात अशी बरीच कुटुंबे आहेत. त्यांतली काही एकमेकांना धरून असतात आणि आठवड्यातून एखादा दिवस मुलांना घेऊन कुठेतरी जातात. एकदा तारांगण, एकदा वरळीचे विज्ञान केंद्र, एकदा ससून डॉकची पहाट. भायखळ्याच्या राणीच्या बागेतला दगडी हत्ती आधी दाखवायचा आणि मग तो जिथून आला त्या घारापुरीला लाँचने न्यायचे, अशीही त्यांची एक सहल झाली. पोर्तुगीजांनी त्या बेटाला एलिफंटा म्हटले ते याच हत्तीवरून. हे मला पुस्तकातून ठाऊक होते. त्या मुलांनी हत्तीला हात लावून बेट पाहिले होते.

तर डिसेंबरातल्या एका बुधवारी बोरिवली स्टेशनच्या पूर्वेला आम्ही जमलो. मुले अकरा, मोठी माणसे सहा, त्यांत मी 'इतिहासवाली मावशी' म्हणून. ताईने तशी ओळखच करून दिली होती. मीही आदल्या रात्री नोट्स चाळून गेले होते. सातवाहन, चैत्य, विहार, यज्ञश्री सातकर्णीचा शिलालेख, कल्याण-सोपाऱ्याचे व्यापारी दाते. सारे पाठ. तिसऱ्या लेण्याच्या ओवरीतल्या प्रचंड बुद्धमूर्तींसमोर माझे भाषण बरे झाले. मुलांनी ऐकून घेतले. मग ती पांगली.

पाच मिनिटांत भाचा ओरडला, "मावशी, ही खाच कशाला गं?"

खडकात बोटभर खोल अशी एक आखीव रेघ उतारावरून खाली गेली होती. मी म्हटले, "असेल काहीतरी. दगड फुटला असेल." तो काही मानायला तयार नव्हता. त्याने पाण्याची बाटली काढली आणि खाचेत ओतली. पाणी निघाले, वळले, दुसऱ्या खाचेला मिळाले. अकराच्या अकरा मुले त्याच्या मागून खाली. शेवटी ते पाणी लेण्याच्या दाराशी खडकात कोरलेल्या चौकोनी टाक्याच्या तोंडाशी जाऊन थांबले. पावसाचे पाणी असेच डोंगरभरून वळवून भिक्षूंनी वर्षभर पुरवले, हे त्या मुलांना कोणी सांगावे लागले नाही.

आणि मला? ज्याला शिलालेखांत 'पोढी' म्हणतात ते हेच टाके. द्वितीय वर्षाच्या परीक्षेत 'पोढी म्हणजे काय' या टीपेला मला पाचपैकी चार गुण मिळाले होते. पोढीच्या काठावर मी उभी होते आणि मला ती ओळखता आली नाही.

अकराव्या लेण्यात दोन लांबच लांब दगडी बाके आहेत. ती पाहून एक छोटी मुलगी म्हणाली, "म्हणजे इथे शाळा होती!" सगळे हसले, पण तिचा अंदाज अगदीच वेडगळ नव्हता. भिक्षू जिथे जमत आणि राहत, तिथे शिकणे-शिकवणे चालत असणारच. नव्वदाव्या लेण्यात पहलवी लिपीत नावे आहेत. इसवी सन १००९ आणि १०२१ मध्ये इथे आलेल्या पारशी मंडळींनी ती कोरून ठेवली. म्हणजे हजार वर्षांपूर्वीची सहलच ती. "त्यांना कोणी रागावलं नाही?" हा प्रश्न ओघानेच आला. त्याचे उत्तर माझ्या नोट्समध्ये नव्हते.

आता आमच्या सहली आठवा. माझ्या शाळेची सहल म्हणजे पहाटे पाचला बस, अंताक्षरी, पाण्याच्या घसरगुंड्या, दुपारी पुरीभाजी आणि परतताना ओकाऱ्या. 'शैक्षणिक' हा शब्द फक्त पालकांच्या सहीच्या कागदावर. शिक्षकांना दोष देऊन उपयोग नाही. साठ मुलांमागे दोन बाई असतील तर त्यांचा सारा दिवस डोकी मोजण्यातच जाणार. साठ मुलांना खाचेत पाणी ओतू देता येत नाही.

घरी शिकवणाऱ्यांवर टीका पुष्कळ होते. मुले एकलकोंडी होतील, ही श्रीमंतांची थेरे आहेत, पुढे दाखल्याचे काय, वगैरे. एकलकोंडी म्हणाल तर त्या अकरा जणांनी परतीच्या बसमध्ये माझे डोके उठवले. दाखल्याचे म्हणाल तर १९८९ पासून मुक्त विद्यालयाची राष्ट्रीय संस्था आहे. चौदा वर्षे पुरी झाली की तिच्यामार्फत दहावीला बसता येते. कायद्याचे त्रांगडे मात्र खरे आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने सहा ते चौदा वयाच्या मुलाला शाळेत घालणे हे पालकांचे कर्तव्य ठरवले, आणि घरी शिकवणाऱ्यांविषयी तो स्पष्ट काही बोलत नाही. ताईसारखे लोक त्या फटीत राहतात.

श्रीमंतीचा आक्षेप मात्र मला सहज झटकता येत नाही. त्या सहलीला पैसे फार लागले नाहीत. लोकलचे तिकीट, उद्यानाचे तिकीट, आतली बस. लेण्यांना पंधरा वर्षांखालील मुलांना तिकीटच नाही. महाग होता तो बुधवार. बुधवारी सकाळी आठ वाजता मोकळे असलेले, शिकलेले, चिडचिड न करणारे एक माणूस दोन मुलांमागे. हे मुंबईत किती घरांना परवडते?

आमच्या मजल्यावर धुणीभांडी करायला येणाऱ्या मावशींची मुलगी महापालिकेच्या शाळेत सातवीत आहे. भाच्यापेक्षा तिला प्रश्न कमी पडतात असे मुळीच नाही. पण बुधवारी तिची आई पाच घरांत भांडी घासत असते आणि रविवारी तीन. हे शहर तिच्याही बापाचे आहे. त्याचे दरवाजे मात्र नेमके तिची आई कामावर असते तेव्हा उघडे असतात.

यावर 'आधी शाळा तरी सुधारा' म्हणणाऱ्यांना एक आठवण द्यावीशी वाटते. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांसाठी कुरणशाळा काढली. मुले गुरे राखायला जातात म्हणून शाळेत येत नाहीत ना? मग शाळाच कुरणात गेली. त्यात चैन नव्हती आणि ती कोणाची हौसही नव्हती. ताईची सहल आणि अनुताईंची कुरणशाळा यांत शिकण्याची रीत फार वेगळी नाही. कोणाच्या मुलांसाठी, एवढाच फरक आहे, आणि तो लहान नाही.

मी ताईला म्हटले, "तुमच्या अकरांत महापालिकेच्या शाळेतली चार घ्या ना." ती म्हणाली, "घेईन गं. पण शाळेच्या दिवशी दुसऱ्याचं मूल उचलून नेता येतं का? परवानगी कोण देणार? पडलं-झडलं तर?" तिचे म्हणणे मला खोडता आले नाही. ते काम तिचे नव्हेच. ज्यांच्याकडे संस्थेचा शिक्का आहे, विषय आहे आणि तरुण पाय आहेत, त्यांचे आहे. म्हणजे आपले.

आमच्या सरांपुढे हे मांडले तेव्हा त्यांनी पंचाहत्तर टक्के हजेरीचा आणि न संपलेल्या अभ्यासक्रमाचा दाखला दिला. सर, आदर ठेवून विचारते : चार गुणांची पोढी ज्या अभ्यासक्रमात ओळखता येत नाही, तो संपवून आपण नक्की काय संपवतो? एका महाविद्यालयाने एका शाळेचा एक वर्ग घ्यावा, पाच मुलांमागे एक विद्यार्थी, सत्रातून दोन सहली. एवढेच मागणे आहे. खर्च वर्गणीतून निघेल. स्नेहसंमेलनाच्या मंडपावर आपण याहून जास्त उधळतो.

मंजुरी मिळेल तेव्हा मिळो. सातवीतल्या त्या मुलीला आणि तिच्या चार मैत्रिणींना मी एका रविवारी नेणार आहे. त्यांच्या आयांशी बोलणे झाले आहे. मे महिन्यात तिथला काळा खडक पाय ठेवू देत नाही, म्हणून जूनमध्ये चांगला पाऊस झाला की त्यानंतरचा पहिला रविवार धरला आहे. तेव्हा बाटलीतून पाणी ओतावे लागणार नाही, खाचांतून ते आपणच वाहत असेल. ज्यांना यायचे असेल त्यांनी इतिहास विभागाच्या फलकावर लावलेल्या कागदावर नाव लिहावे. प्राध्यापकांनीही.