मुखाचा कर्करोग: दाह शमत नाही तेव्हा

जखम झाली की तेथे दाह होतो, पांढऱ्या पेशी धावून येतात आणि काम संपताच ओसरतात. मुखाच्या कर्करोगात हे ओसरणेच घडत नाही. रुडॉल्फ विर्खो यांनी अर्बुदातील पांढऱ्या पेशी पाहून दीर्घकालीन दाह व कर्करोग यांचे नाते १८६३ मध्येच सुचवले होते. १९८६ मध्ये हॅरोल्ड ड्वोरॅक यांनी अर्बुदाला न भरणाऱ्या जखमेची उपमा दिली.

भारतात ही जखम रोज नव्याने केली जाते. तंबाखूची बदनामी पुष्कळ झाली. सुपारी मात्र मंगलकार्याच्या तबकात अजून निर्धास्त आहे. वास्तविक आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने तंबाखूविरहित सुपारीलाही २००४ मध्ये मानवी कर्करोगाचे कारण ठरवले. सुपारीतील अरेकोलीनमुळे टीजीएफ-बीटा हा संदेशवाहक सक्रिय होतो, गालाच्या अस्तराखाली कोलॅजेनचे तंतू साचतात आणि तोंड उघडेनासे होते. सवय सुटली तरी हे तंतू सहसा विरघळत नाहीत. यांतील काहींना पुढे कर्करोग होतो.

अर्बुद वाढू लागले की रक्षकांचीच भूमिका पालटते. तेथील अनेक मॅक्रोफेज पेशी नव्या रक्तवाहिन्यांना चालना देतात, नियामक टी-पेशी मारक टी-पेशींना आवरतात, आणि कर्कपेशी पीडी-एल१ या प्रथिनाद्वारे त्यांच्यावर ब्रेक लावतात. निवोलुमॅब हा ब्रेक सोडवते; पण त्याची किंमत बहुसंख्य भारतीय रुग्णांच्या आवाक्याबाहेर आहे.

म्हणूनच मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातील चाचणीला असाधारण महत्त्व आहे. बरे होण्याची आशा मावळलेल्या डोके-मान कर्करोगाच्या १५१ रुग्णांपैकी निम्म्यांना नेहमीच्या तोंडी औषधांसोबत दर तीन आठवड्यांनी अवघे २० मिलिग्रॅम निवोलुमॅब दिले गेले. प्रचलित मात्रा दर दोन आठवड्यांनी २४० मिलिग्रॅम आहे. एक वर्ष जगण्याचे प्रमाण १६.३ टक्क्यांवरून ४३.४ टक्क्यांवर गेले. (त्या तोंडी औषधांत सेलेकॉक्सिब, म्हणजे एक साधे दाहशामक, होते हेही नोंदवण्याजोगे.)

पूर्ण मात्रेशी थेट तुलना या चाचणीत नव्हती, हा आक्षेप रास्त आहे. पण ती तुलना करणार कोण? आपले औषध कमी खपावे यासाठी कोणतीही कंपनी पैसा ओतणार नाही. हा खर्च सार्वजनिक निधीतूनच व्हायला हवा. ग्लोबोकॅनच्या अंदाजानुसार २०२२ मध्ये भारतात ओठ व मुखाच्या कर्करोगाचे सुमारे १ लाख ४३ हजार नवे रुग्ण आढळले. इतका भार वाहणाऱ्या देशाने मात्रेचे उत्तर परदेशातून येण्याची वाट पाहणे अनाकलनीय आहे. आणि निधी मिळालाच, तर त्यातील काही वाटा तोंड पुरेसे उघडत नसलेल्या, परंतु अद्याप कर्करोग न झालेल्या माणसासाठीही राखावा. त्याच्या गालातील दाह थांबवणारे खात्रीचे औषध आज वैद्यकाजवळ नाही.