उंदीर चालला, म्हणून इंजेक्शन विकू नका

दर काही महिन्यांनी व्हॉट्सअ‍ॅपवर एक बातमी फिरते : 'मज्जारज्जूला इजा झालेला उंदीर पुन्हा चालू लागला!' बातमी बहुतेक वेळा खरी असते. माझा राग बातमीवर नाही. तिचं कात्रण दाखवून स्टेम सेलची इंजेक्शनं विकणाऱ्यांवर आहे. दुचाकीवरून किंवा झाडावरून पडून मुलाच्या कमरेखालची शक्ती गेली की आईवडील जमीन विकायलाही तयार होतात. या धंद्याचं भांडवल तेच आहे. म्हणून प्रयोगशाळेत काय सापडलं आणि काय नाही, ते आधी समजून घ्या.

आतापर्यंत काय कळलं?

हातापायातली नस तुटली तर तिचे तंतू दिवसाला साधारण १ मिलिमीटर या वेगाने पुन्हा वाढू शकतात. मज्जारज्जूतले तंतू तसे वाढत नाहीत. का? १९८१ मध्ये कॅनडातल्या मॉन्ट्रियलमध्ये डेव्हिड आणि अग्वायो यांनी उंदरांच्या पायातल्या नसेचा तुकडा पुलासारखा मज्जारज्जूला जोडला. त्या तुकड्यातून तंतू सुमारे ३ सेंटिमीटर वाढले, पण पलीकडे पुन्हा मज्जारज्जूत शिरताच थोड्याच अंतरावर थांबले. म्हणजे तंतूंत वाढायची ताकद होती, आजूबाजूची जागा त्यांना वाढू देत नव्हती.

पुढे झुरिकच्या मार्टिन श्वाब यांनी ही वाढ रोखणारं प्रथिन शोधलं. त्याला 'नोगो' हे नाव मिळालं. २००२ मध्ये लंडनच्या संशोधकांनी जखमेच्या व्रणातला दुसरा अडथळा एका एन्झाइमने विरघळवला आणि उंदरांच्या हालचाली सुधारल्या. हे काम अस्सल आहे, कष्टाचं आहे.

मग माणसात का होत नाही?

उंदराला प्रयोगशाळेत मोजूनमापून, सगळ्यांना सारखी इजा केली जाते आणि उपचार बहुधा काही तासांत किंवा दिवसांत सुरू होतो. आपल्याकडे जाहिरात पाहून येणारा रुग्ण अपघातानंतर कित्येक महिन्यांनी येतो. उंदरात तंतूंना काही मिलिमीटर वाढायचं असतं. माणसाचा मज्जारज्जू सुमारे ४५ सेंटिमीटर लांब असतो. शिवाय तंतू नुसता वाढून भागत नाही. तो योग्य पेशीपर्यंत पोचावा लागतो, तिच्याशी जोडला जावा लागतो.

'नोगो'ला अडवणारं औषध मानेला ताजी इजा झालेल्या शंभराहून अधिक रुग्णांना देऊन पाहिलं गेलं. २०२४ अखेर निकाल आला. हातांच्या शक्तीत, सर्व रुग्ण मिळून, औषध आणि खोटं औषध यांत ठोस फरक दिसला नाही. मज्जारज्जू अंशतः शाबूत असलेल्यांत थोडी आशा दिसली, ती आता आणखी तपासावी लागेल. उंदरावरच्या पहिल्या यशापासून इथवर यायला तीन दशकांहून जास्त काळ लागला. आणि गल्लीतलं सेंटर म्हणतं, तीन सिटिंगमध्ये फरक दिसेल!

'नाहीतरी काही होणार नाही, मग करून बघायला काय हरकत?'

हरकत आहे. परदेशात एका तरुणीच्या मज्जारज्जूत तिच्याच नाकातल्या अस्तराच्या पेशी बसवल्या होत्या. आठ वर्षांनी तिथे चिकट स्राव करणारी गाठ झाली, ती शस्त्रक्रियेने काढावी लागली. दुसरं, आधी असं इंजेक्शन घेतलेल्या रुग्णाला पुढच्या खऱ्या चाचण्यांत अनेकदा घेत नाहीत. तिसरं, अपूर्ण इजा असलेल्या अनेकांत पहिल्या वर्षभरात आपोआप काही सुधारणा होते. तिचं श्रेय इंजेक्शन लाटतं.

आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार, रक्ताच्या ठरावीक आजारांतलं पेशीरोपण वगळता, चाचणीबाहेर रुग्णांवर स्टेम सेल वापरणं अनैतिक आहे. म्हणून विचारा : सीटीआरआय नोंदणी क्रमांक काय? एथिक्स कमिटीची मंजुरी कुठे आहे? आणि प्रयोगाचे पैसे मागितले, तर उठून घरी या.

तो पैसा कुठे लावाल?

मज्जारज्जूच्या रुग्णांचं आयुष्य खरोखर वाढवलं ते शय्याव्रण आणि लघवीच्या काळजीने. लुडविग गुटमन यांनी १९४४ मध्ये इंग्लंडमधल्या स्टोक मँडेव्हिल इथे दर दोन तासांनी कूस बदलणं, मूत्राशयाची निगा, व्यायाम आणि काम यांवर भर दिला. त्याआधी असे बहुतेक रुग्ण जंतुसंसर्गाने लवकर दगावत. आजही तेच लागू आहे. चांगली व्हीलचेअर, तिच्यावर बसायची योग्य गादी, वेळेवर स्वच्छ कॅथेटर, नियमित फिजिओथेरपी, घरात रॅम्प आणि बसून करता येईल असं काम यांवर खर्च करा. त्वचा, मूत्रपिंडं आणि सांधे शाबूत ठेवा. उद्या प्रयोगशाळेतून खरा उपचार आलाच, तर तो घ्यायला रुग्ण धडधाकट उरला पाहिजे.