पॅटन फुकट, आठवणी महाग

शिर्डीचं दर्शन झालं की गाड्या शनिशिंगणापूरला वळतात. पुढे नगरचं (आता अहिल्यानगर, पण जिभेला वेळ लागतोय) रणगाडा संग्रहालय पाहायला फार थोडे जातात. साईंच्या चरणी वर्षाला शेकडो कोटी जमतात, इथे तिकिटासाठी आपण सुटे चाचपतो. लष्कराच्या चिलखती दलाने फेब्रुवारी १९९४ मध्ये ते उभं केलं. सगळंच काही विकत घ्यावं लागलं नाही. १९६५ साली खेमकरणजवळ आसल उत्तरला आपल्या फौजेने शेतांत पाणी सोडून चिखल केला, त्यात शत्रूचे पॅटन रणगाडे रुतले. म्हणजे देणगीदार पाकिस्तान, पावतीही द्यायला नको! पूना हॉर्स या रणगाडा रेजिमेंटचा अरुण खेत्रपाल १६ डिसेंबर १९७१ला बसंतरच्या लढाईत जळता रणगाडा सोडायला तयार झाला नाही, वय २१. लोखंड टिकतं, रंग दिला की झालं. पण रणगाड्याच्या पोटात मे महिन्यात काय भाजतं, हे सांगणारे म्हातारे फौजी आपल्याच तालुक्यांत आहेत. त्यांचं बोलणं ध्वनिमुद्रित करायला इमारत लागत नाही. ७ डिसेंबरला सशस्त्र सेना ध्वजदिनाचा डबा फिरतो, आपण दहाची नोट टाकून खिशाला झेंडा टाचतो. त्या दिवशी पारावरच्या एखाद्या माजी हवालदाराशेजारी तासभर बसता येईल. चहा आपण सांगायचा.