कांदिवलीच्या गच्चीवरून ड्रोन उडवताय? एटीसीला कधी विचारायचं ते समजून घ्या

कांदिवलीत वीस-पंचवीस मजली टॉवर आता भरपूर आहेत आणि ड्रोन बाळगणारी मुलंही. गच्चीवर जायचं, ड्रोन सोडायचा, नॅशनल पार्कमागून उगवणारा सूर्य टिपायचा आणि रील टाकायची. यात अडचण कुठे आहे? अडचण अशी, की डोक्यावरचं आकाश रिकामं दिसलं तरी त्यावर कुणाचं तरी नियंत्रण असतं. विमानतळाभोवतीच्या अशा आकाशाला नियंत्रित हवाई क्षेत्र म्हणतात. तिथे शिरायचं तर एअर ट्रॅफिक कंट्रोलला, म्हणजे एटीसीला, आधी विचारावं लागतं.

छोट्या विमानाचा पायलट काय करतो?

आपल्याकडे खासगी पायलट उड्डाणाआधी फ्लाइट प्लॅन देतो आणि त्यासाठी एफआयसी व एडीसी हे दोन क्रमांक घेतो. यातला एडीसी म्हणजे हवाई संरक्षणाच्या दृष्टीने मिळालेली मंजुरी. पण एवढ्यावर काम संपत नाही. छोटं विमान ताशी १८५ किलोमीटरने चाललं असेल, तर ते मिनिटाला सुमारे ३ किलोमीटर कापतं. हद्द १५ किलोमीटरवर असेल, तर हातात फक्त पाच मिनिटं उरतात. म्हणून हद्दीच्या बऱ्याच आधी रेडिओवर सांगायचं: मी कोण, कुठे आहे, किती उंचीवर आहे, काय करायचं आहे. समोरून ‘स्टँड बाय’ आलं तर बाहेरच घिरट्या घालत थांबायचं. उत्तर आलं नाही, तर ती परवानगी धरायची नाही.

यूट्यूबवर अमेरिकन पायलटांचे व्हिडिओ बघत असाल तर एक फरक लक्षात ठेवा. तिथे ‘डी’ वर्गाच्या क्षेत्रात कंट्रोलरने तुमच्या विमानाचं नाव घेऊन उत्तर दिलं की संपर्क झाला असं मानतात आणि आत जाता येतं. आंतरराष्ट्रीय पद्धतीत मात्र त्याच वर्गात स्पष्ट मंजुरी लागते. भारतात हीच पद्धत आहे.

मुंबईत एवढा काटेकोरपणा का?

जुहूचा छोटा विमानतळ आणि सांताक्रूझचा मोठा विमानतळ यांच्यात जेमतेम काही किलोमीटरचं अंतर आहे. समुद्रातल्या तेलविहिरींवर कर्मचारी नेणारी हेलिकॉप्टरं जुहूवरून उडतात, आणि शेजारी मोठी जेट विमानं उतरत असतात. १९५३ मध्ये बीओएसीचं कॉमेट आणि १९७२ मध्ये जपान एअरलाइन्सचं डीसी-८ सांताक्रूझ समजून चक्क जुहूवर उतरलं होतं. अनुभवी वैमानिकांचीही अशी गल्लत होऊ शकते. इथे प्रत्येकाने आधी बोलणं का गरजेचं आहे, ते यावरून कळतं.

आता तुमचा ड्रोन

ड्रोन नियम २०२१ नुसार आकाश हिरवं, पिवळं आणि लाल अशा तीन भागांत वाटलेलं आहे. हिरव्या भागात उड्डाणासाठी परवानगी लागत नाही. पिवळ्यात एटीसीची लागते आणि लाल भागात थेट केंद्र सरकारची. विमानतळाच्या कुंपणापासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात जमिनीपासून २०० फूट, म्हणजे ६० मीटरपर्यंत हिरवं आणि त्याच्या वर पिवळं असतं. कांदिवली स्टेशन जुहूपासून सरळ रेषेत साधारण ११-१२ किलोमीटर उत्तरेला आहे. म्हणजे कांदिवलीचा बराचसा भाग याच पट्ट्यात येतो.

आता हिशेब करा. एक मजला ३ मीटरचा धरला तर २० मजले म्हणजे ६० मीटर. ड्रोनच्या स्क्रीनवर साधारणपणे उड्डाण जिथून केलं तिथपासूनची उंची दिसते. त्यामुळे विसाव्या मजल्यावरच्या गच्चीवर स्क्रीन शून्य दाखवेल, पण ड्रोन हिरव्या भागाची मर्यादा तिथेच संपवून बसलेला असेल. तो हातभर वर गेला की पिवळ्यात शिरला. तीच उंची तुम्ही खालच्या मैदानातून गाठली असती, तर स्क्रीनवर ६० चा आकडा दिसला असता आणि तुम्ही सावध झाला असता.

हिरवं दिसलं म्हणजे मोकळं नाही

कांदिवली पूर्वेला लष्कराचा मोठा डेपो आहे, त्यामुळे आसपास उडवताना जास्तच काळजी घ्या. पोलिसांना एखादा भाग ९६ तासांपर्यंत तात्पुरता लाल जाहीर करता येतो. शिवाय मुंबई पोलीस वेळोवेळी शहरभर ड्रोनबंदीचे आदेश काढतात. असा आदेश लागू असेल तर नकाशातला हिरवा रंग तुम्हाला वाचवणार नाही. ड्रोन नियम मोडल्यास १ लाख रुपयांपर्यंत दंड आहे.

खरा प्रश्न या व्यवस्थेचा आहे. पायलटच्या कानात कंट्रोलरचा आवाज असतो, चुकलं तर लगेच टोकणारं कुणीतरी असतं. ड्रोनवाल्याकडे फक्त फोनवरचा नकाशा असतो, आणि तो तुमची इमारत किती मजल्यांची आहे हे विचारत नाही. ८ ऑक्टोबर २०२५ ला नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन झालं, म्हणजे पनवेल-उरणकडच्या मुलांनाही आता हाच हिशेब करावा लागणार आहे. म्हणून ड्रोन नोंदणीच्या वेळीच हा गच्चीचा हिशेब प्रत्येकाला समजावून सांगायला हवा.

तोपर्यंत तीन गोष्टी करा. उडवायच्या दिवशी डिजिटल स्कायचा नकाशा बघा. पोलिसांचा आदेश लागू आहे का ते तपासा. आणि स्क्रीनवरच्या उंचीत इमारतीची उंची मिळवा. बेरीज ६० मीटरच्या वर गेली, तर आधी एटीसीची परवानगी घ्या. ती मिळाली नाही, तर खाली मैदानात या.