पिवळ्या फडक्याविरुद्ध

आज एका फडक्याविरुद्ध लिहायचं आहे. हसू नका. फौजेत आयुष्य काढलेल्या प्रत्येकाने हे फडकं हाताळलंय: पिवळं, चौकोनी, कडा शिवलेलं. खडकवासल्याला प्रबोधिनीत असताना बुटाच्या टोकात स्वतःचे दात दिसेपर्यंत आम्ही ते फिरवलं. पुढे त्याने बेल्टचं पितळ घासलं, टेबल पुसलं, आणि कँटीनमधून पहिली गाडी घेतल्यावर सवयीने तेच गाडीवरही फिरवलं. माझी तक्रार या शेवटच्या कामाबद्दल आहे.

सध्या पोस्टिंग जबलपूरला. ज्या शहरात १९०४ पासून तोफगाडे बनतात आणि १९६९ पासून वाहनांचा स्वतंत्र कारखाना आहे, जिथून शक्तिमान आणि जोंगा बाहेर पडल्या, त्या शहरात गाडी कशी पुसावी यावर मी वाद घालतोय याची मला कल्पना आहे. पण वाद इथेच सुरू झाला, आणि सुरुवात माझ्या चुकीने झाली.

माझी गाडी काळी आहे. (काळी गाडी घेऊ नका असं बायको म्हणाली होती. तिचं ऐकलं असतं तर हा लेख वाचला असता.) आमच्या लायनीत एक मुलगा रोज सकाळी गाड्या पुसतो. एका रात्री पेट्रोल पंपावर ट्यूबलाइटखाली उभा असताना बॉनेटकडे लक्ष गेलं. दिव्याच्या प्रतिबिंबाभोवती कोळ्याचं जाळं विणल्यासारखे बारीक ओरखडे, शेकड्यांनी. दुसऱ्या दिवशी त्या मुलाला उभं करून झापलं आणि महिन्याचे निम्मे पैसे कापले. तो फक्त एवढंच म्हणाला, "साहब, कपड़ा तो आपने ही दिया था."

राग ओसरल्यावर मी डिकीचं झाकण बघितलं. ते दर रविवारी धुऊन मी स्वतः पुसतो, त्याला हात लावू देत नाही. जाळं तिथेही होतं, बॉनेटपेक्षा थोडं दाटच. पैसे परत केले. माफी मागायला आणखी दोन दिवस लागले.

आता मुद्द्यावर येतो. आजच्या गाडीचा जो रंग आपल्याला दिसतो त्याच्यावर एक पारदर्शक थर असतो. त्याची जाडी साधारण ४० ते ५० मायक्रॉन, म्हणजे वहीच्या कागदाच्या निम्मी. चमक त्याच थराची. अँबॅसडर आणि पद्मिनीच्या काळात असा वेगळा थर नसायचा. पॉलिश करताना फडक्याला गाडीचाच रंग लागायचा आणि खालून ताजा रंग वर यायचा. आपल्या वडिलांची पिढी गाडी घासायची आणि गाडी चमकायची, ती यामुळे. त्यांचं चुकत नव्हतं. बुटाचंही तसंच. बुटावर आपण मेणाचे थर चढवतो, ओरखडा पडलाच तर मेणात पडतो, पुन्हा पॉलिश लावलं की बुजतो. गाडीच्या थरावर आपण काहीही चढवत नाही. तिथे फडकं फिरवणं म्हणजे फक्त काढून घेणं.

आणि काढतं कोण? कापड नव्हे. कापडात अडकलेला कण. जबलपूरच्या रस्त्यावर नर्मदेच्या वाळूचे ट्रक दिवसभर सांडत जातात. वाळूत क्वार्ट्झ असतो. कठीणपणाच्या १ ते १० च्या मोजपट्टीवर तो ७ वर बसतो, खिडकीच्या काचेच्याही वर. त्यापुढे गाडीवरचा तो थर म्हणजे लोणी. कोरड्या धुळीवर रोज सकाळी सुती फडकं फिरवणं हे पॉलिश पेपर फिरवण्यासारखंच आहे, फक्त पेपर फार बारीक आहे म्हणून निकाल सहा महिन्यांनी लागतो. "मी गोल नाही, सरळ पुसतो" असं काही जण अभिमानाने सांगतात. जाळं गोल दिसतं कारण दिव्याला आडवे असलेले ओरखडेच तेवढे चमकतात. खाली ते सगळ्या दिशांना असतात.

हे आपल्याला कळत नाही असं नाही. रायफल साफ करताना फुलथ्रूला लावलेली चिंदी काळी झाली की ती पुन्हा बॅरलमध्ये जात नाही. रिक्रूटलाही हे पहिल्या आठवड्यात शिकवतात. मग खाली मातीत पडलेलं फडकं झटकून दारावर फिरवताना ती शिकवण कुठे जाते?

शेजारी एक निवृत्त सुभेदार मेजर साहेब राहतात, साताऱ्याकडचे, सगळी नोकरी एमटीत गेलेली. त्यांच्याशी यावरून तीन संध्याकाळी वाद झाला. ते म्हणाले, "साहेब, मग पुसूच नका. उन्हात लावा, आपोआप वाळंल." दुर्दैवाने तेही चालत नाही. आमच्या बोअरचं पाणी इतकं जड आहे की किटलीच्या तळाशी पांढरी खपली धरते. भेडाघाटचा संगमरवर काय आणि ही खपली काय, कॅल्शियम-मॅग्नेशियमचंच घराणं. तो खडक बघायला लोक बोटीत बसून जातात, पण बॉनेटवर त्याचे गोल डाग कुणाला नको असतात. मे महिन्यात चाळिशीच्या वरच्या उन्हात तापलेल्या पत्र्यावर थेंब मिनिटभरात वाळतो. पाणी उडून जातं, क्षार तिथेच बसतात. मग ते काढायला पुन्हा घासा.

म्हणून पाणी काढायचंच, पण घासून नव्हे. गाडी सावलीत धुवावी, पत्रा हाताला गार लागेल तेव्हा. शेवटचं पाणी फवाऱ्याने न मारता नळीचं तोंड मोकळं ठेवून छतावरून संथ सोडावं. पाण्याची सलग चादर घसरत जाते आणि बरेचसे थेंब स्वतःबरोबर नेते. उरलेल्यासाठी जाड, लोकरट मायक्रोफायबर टॉवेल. तो ओल्या छतावर पसरायचा, तळहाताने थोपटायचा आणि उचलायचा. फार तर दोन कोपरे धरून, दाब न देता, स्वतःकडे ओढायचा. चुकून राहिलेला कण त्याच्या लवेत शिरतो, पत्र्यावर दाबला जात नाही. शॅमॉय कातडं सपाट असतं, त्यात कणाला लपायला जागा नाही, म्हणून मी ते सोडलं. काम छताकडून खाली यायचं. चाकं आणि दाराखालच्या पट्ट्या यांना वेगळं, जुनं कापड, आणि ते वर कधीच न्यायचं नाही. टॉवेल जमिनीवर पडला की त्या दिवसापुरता बाद. धुताना इतर कपड्यांत टाकू नका आणि कपडे मऊ करायचं ते सुगंधी द्रव्य घालू नका, लव बुजते आणि टॉवेल पाणी पिईनासा होतो. आरशांच्या फटीतून नंतर ओघळ येतात. त्यासाठी पाच मिनिटं थांबा आणि चहा घ्या.

सुभेदार मेजर साहेबांचा खरा आक्षेप शेवटी बाहेर आला. "हे सगळं आठवड्यातून एकदा ठीक आहे. बाकीचे सहा दिवस काय धुळीची गाडी घेऊन फिरायचं? लोक काय म्हणतील?"

भांडण फडक्याशी वाटत होतं, ते इथे येऊन थांबतं. आपल्याला गाडी नीट राहायला नको असते, पुसलेली दिसायला हवी असते. तपासणीच्या आदल्या रात्री टायर काळे करणारे आणि गाड्यांवर डिझेलचा हात मारणारे आपणच. डिझेलने रबर खराब होतं हे ठाऊक असूनही, कारण बघणारा साहेब दहा मिनिटंच बघणार असतो. तीच नजर आपण घरी आणतो. मग अर्धी बादली पाणी आणि एका बनियनचा तुकडा देऊन एका पोराकडून रोज दहा गाड्या चकाचक मागतो. शेवटच्या गाडीवर तो पहिल्या नऊ गाड्यांची वाळू फिरवतो, आणि ओरखडे दिसले की चोर तोच.

मी त्या मुलाला रोज पुसणं बंद करायला सांगितलं. पैसे तेवढेच. रोज फक्त काचा, तेही पाणी मारून, आणि रविवारी आम्ही दोघं मिळून धुतो. उरलेले दिवस गाडीवर धूळ असते. परवा एका पार्टीला माझ्याहून ज्युनिअर मेजरने विचारलं, "सर, एक्सरसाइजवरून डायरेक्ट आलात का?" मी हो म्हणालो.

काल सुभेदार मेजर साहेबांच्या व्हरांड्यात दोरीवर दोन करडे मायक्रोफायबर टॉवेल वाळत होते, अगदी नवे. त्यांच्या शेजारी चिमटा लावून पिवळं फडकंही होतं. विचारलं तर म्हणाले, "ते बुटासाठी, साहेब." मी त्यांच्या पायांकडे बघितलं. चपला होत्या.