संजयाला अभय कोण देणार?

महाभारताचे युद्ध हे भाऊबंदांचे युद्ध होते, आणि त्याची वार्ता सांगणारा संजय हा ना राजपुत्र होता, ना सेनापती. तो सूत होता. युद्धारंभी व्यासांनी त्याला दिव्यदृष्टी दिली हे आपणां सर्वांस ठाऊक आहे. ह्याला शस्त्र बाधणार नाही, हा युद्धातून जिवंत सुटेल, असे अभयही त्याच वेळी दिले, ह्याची आठवण मात्र थोडेच ठेवतात. ते अभय शेवटी कामी आले. शल्यपर्वात सात्यकीने संजयाला धरले. ह्याला जिवंत ठेवून काय उपयोग, असे धृष्टद्युम्न हसून म्हणाला, आणि तरवार उगारली गेली. व्यास स्वतः येऊन उभे राहिले म्हणून संजय वाचला. तरवार उगारणारा पक्ष धर्माचा होता, हे वाचकांनी ध्यानी घ्यावे. आपला पक्ष न्यायाचा आहे अशी खात्री असलेल्यासही वार्ता सांगणारा नकोसा होतो.

पांढुर्णा-सौंसरच्या वाचकांस हा विषय परका वाटेल. ऑक्टोबर २०२३ मध्ये ह्या दोन तहसिलींचा मिळून स्वतंत्र जिल्हा झाला. येथे यादवी नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या दोन काठांवरून पांढुर्णा आणि सावरगाव एकमेकांवर दगड फेकतात, ती गोटमार. तिच्यातही माणसे जखमी होतात, मेलीही आहेत. परंतु तिला दिवस ठरलेला आहे, काठ ठरलेले आहेत, आणि शेवटी झेंडा चंडीमातेच्या देवळात जातो. खऱ्या यादवीला संध्याकाळ नसते. पात्रात उभा राहून जो दोन्ही काठांचे खरे ते सांगतो, त्याच्यावर दोन्हीकडून दगड येतात.

आपल्याच मध्य भारतात, बस्तरात, हे घडले आहे. सरकारने तेथील संघर्षाला यादवी कधी म्हटले नाही. नावाने मरणाऱ्याचे दुःख कमी होत नाही. बीजापूरचे वार्ताहर साई रेड्डी ह्यांस २००८ साली पोलिसांनी माओवाद्यांचे साहाय्यक ठरवून विशेष जनसुरक्षा कायद्याखाली अटक केली. त्याच साई रेड्डींना ६ डिसेंबर २०१३ रोजी माओवाद्यांनी बासागुडा येथे ठार केले. ‘बस्तर जंक्शन’ ही स्वतःची यूट्यूब वाहिनी चालवणारे मुकेश चंद्राकार १ जानेवारी २०२५ च्या रात्री नाहीसे झाले. दोन दिवसांनी त्यांचा देह एका ठेकेदाराच्या आवारातील सेप्टिक टाकीत सापडला. रस्त्याच्या कामातील गैरव्यवहाराची बातमी त्यांना भोवली, असा आरोप आहे. २०२१ साली माओवाद्यांच्या ताब्यातील एका जवानाची सुटका झाली, तिच्यात ह्याच मुकेशचा हात होता. सीरियातही हेच घडले. तेथील राजवटीवर आणि तिच्याशी लढणाऱ्या कट्टरपंथीयांवर सारखाच कोरडा ओढणारे राएद फारेस २०१८ साली आपल्याच कफ्रनबल गावात गोळ्यांना बळी पडले.

अशा वेळी कायदा काय करतो? महाराष्ट्राने २०१७ साली प्रसारमाध्यमांतील व्यक्तींवरील हल्ल्यांविरुद्ध कायदा संमत केला. हल्ला करणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कारावास किंवा पन्नास हजारांपर्यंत दंड, गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र, तपास उपअधीक्षकाहून कमी दर्जाच्या अधिकाऱ्याकडे नाही, अशी चांगली कलमे त्यात आहेत. परंतु ‘प्रसारमाध्यमातील व्यक्ती’ म्हणजे माध्यमसंस्थेत कायम किंवा कंत्राटी नोकर असलेली व्यक्ती, अशी व्याख्या करून विधिमंडळाने दार अर्धेच उघडले. ज्याला पगार आहे त्याला कवच आहे. जो आपल्या खर्चाने, आपल्या फोनवर, आपल्या गावचे सत्य टिपतो, तो ह्या कायद्याच्या लेखी कोणीच नव्हे.

आम्ही म्हणतो, ही व्याख्या संविधानाच्या गाभ्याशी विसंगत आहे. आपल्या संविधानात वृत्तपत्रांच्या स्वातंत्र्याचे वेगळे कलम नाही. संविधान सभेत डॉ. आंबेडकरांनी त्याचे कारण स्पष्ट केले होते: संपादक काय, व्यवस्थापक काय, सारे नागरिकच, ते लिहितात तेव्हा नागरिकाचाच हक्क बजावतात. एकोणिसाव्या कलमापुढे प्रत्येक पत्रकार नागरिक-वार्ताहरच होय. जो हक्क नागरिकाचा म्हणून पत्रकारास मिळाला, त्याचे रक्षण करताना नागरिकालाच वगळावे, हा कोणता न्याय? १९४९ च्या जिनीव्हा करारांचे तिसरे कलमही यादवीत प्रत्यक्ष लढाईत भाग न घेणाऱ्या प्रत्येकाला संरक्षण देते. ते ओळखपत्र मागत नाही.

शिवाय महाराष्ट्राचा हा अर्धा दरवाजाही सौंसरच्या सीमेवर संपतो. जून २०१५ मध्ये बालाघाट जिल्ह्यातील कटंगीचे संदीप कोठारी ह्यांचे अपहरण झाले आणि त्यांचा जळालेला देह महाराष्ट्रात, वर्धा जिल्ह्यात, सापडला. ते अवैध खाणींविरुद्ध लिहीत असत. मारणाऱ्यांना राज्याची सीमा आडवी आली नाही. ती आडवी येते केवळ कायद्याला.

आमचे व्यवसायबंधू आक्षेप घेतात की, हातात फोन असलेला प्रत्येक जण पत्रकार म्हणवू लागला, त्यांत खंडणीखोरही आहेत आणि अफवा पसरवणारेही. आहेतच. परंतु खंडणी हा गुन्हा आहे आणि त्यासाठी दंडविधान आहे. वैद्यांत भोंदू निघतात म्हणून कोणी वैद्यांवर हात टाकण्याची मुभा मागत नाही. दुसरा आक्षेप असा की, कायद्याने काय होते? राजापूरचे शशिकांत वारिशे हे तर वृत्तपत्राचे वार्ताहर होते, महाराष्ट्राचा कायदाही होता, तरी फेब्रुवारी २०२३ मध्ये त्यांना मोटारीखाली चिरडल्याचा गुन्हा घडलाच. खरे आहे. कायदा तरवार रोखत नाही. तो तरवार उगारणाऱ्याला एवढेच सांगतो की, ह्या माणसाच्या मागे राज्य उभे आहे. तेवढेही न सांगणे म्हणजे हा माणूस एकटा आहे, असे जाहीर करणे होय.

म्हणून आमचे मागणे स्पष्ट आहे. महाराष्ट्राने व्याख्या बदलावी, आणि मध्य प्रदेशाने व्यापक व्याख्येचा कायदा करावा: संरक्षण नोकरीला नव्हे, लोकहिताची वार्ता मिळवण्याच्या व प्रसिद्ध करण्याच्या कृतीला मिळावे. धमकीची तक्रार ज्या ठाण्याच्या हद्दीतील बड्या माणसाविरुद्ध असेल, त्या ठाण्याकडे तिचा तपास राहू नये.

आणि एक मागणे सरकारकडे नाही, आपल्याकडे आहे. आपल्या देवळांच्या भिंतींवर देणगीदारांच्या संगमरवरी पाट्या असतात. त्यांत ठेकेदारांची नावे कमी नसतात. देणगीला आमचा विरोध नाही. परंतु त्या देणगीदाराने बांधलेला रस्ता पहिल्या पावसात वाहून गेला आणि कोण्या पोराने त्याचे चित्र काढून लोकांपुढे मांडले, तर त्या पोराच्या घरी रात्री दार वाजते, तेव्हा देवस्थानाचे पंच कोठे असतात? पंचांपैकी दोघांनी त्याच्याबरोबर ठाण्यात जाऊन तक्रारीखाली साक्षीदार म्हणून सही करावी. गावातील वकिलाने त्याचे वकीलपत्र विनामूल्य घ्यावे. त्यास विधिमंडळाची संमती लागत नाही. व्यासांजवळ सैन्य नव्हते. तरवार आणि संजय ह्यांच्यामध्ये ते स्वतः उभे राहिले, इतकेच.